गळकं पिंप म्हणून हिणवलेला मी

मित्रांनो, माझ्यावर एक आळ आला होता. मी गळतो असा. पाइनच्या लाकडाचं माझं अंग, बावीस फळ्या, चार लोखंडी पट्ट्या, आणि एकही खिळा नाही. सिव्हर्ट नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला बनवलं, तेव्हा तीन दिवस पाण्याने भरून अंगणात ठेवलं होतं. खाली थेंब पडला नाही. सिव्हर्ट म्हणाला, "हे माझ्यापेक्षा जास्त जगेल." आणि जगलो मी. तरीही गळका ठरलो. कोणामुळे, ते सांगतो.

खाडीकाठच्या आर्नफिनच्या घरी मी एकोणचाळीस वर्षं बीअरचं पिंप म्हणून काम केलं. आमच्याकडे बीअर दुकानातून आणायची पद्धत नव्हती. नाताळ, बारसं, लग्न, मयत, काहीही असो, बीअर घरचीच. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा दिवसभर उकळायचा, दुधाइतका कोमट होऊ द्यायचा, आणि मग माझ्यात ओतून त्यात घरचं खमीर सोडायचं. खमीर सोडताना पिंपात तोंड घालून जोरात आरोळी ठोकायची. जितकी मोठी आरोळी, तितकी कडक बीअर, असं सगळे मानायचे. माझ्या कानठळ्या बसायच्या, पण मी कधी तक्रार केली नाही.

आमचं खमीर भलतंच तापट. सोडल्यावर चार तासांत उसळायला लागायचं. आर्नफिनला त्याचा स्वभाव पुरता ठाऊक होता. तो मला वरून चांगलं पाऊण हात रिकामं ठेवायचा. झाकण नुसतं टेकवायचा, वर एक जुनं घोंगडं. मग शेजारी स्टूल टाकून पाइप ओढत बसायचा आणि माझ्या पोटातला आवाज ऐकायचा. फेस चढू लागला की घोंगडं काढायचा, लाकडी पळीने फेस काढून घ्यायचा, तळघराचं अंगणाकडचं दार उघडायचा. "दम धर, दम धर," असं म्हणायचा. मला की खमिराला, कोण जाणे. इतक्या वर्षांत फेसाचा एक थेंबही जमिनीवर सांडला नाही.

त्याचा मुलगा टोरगिल्स हे शिकला नाही. त्याला ट्रॅक्टरचं वेड. बाप फेस काढत बसला की तो दारातून म्हणायचा, "बाबा, हे काय बाळ आहे का, राखत बसायला?"

नोव्हेंबरमध्ये आर्नफिन गेला. आजारी पडला नाही, कोणाला त्रास दिला नाही, लाकडं फोडता फोडता खाली बसला तो उठलाच नाही. मयताला घरची बीअर हवी, हे तो नेहमी सांगून ठेवायचा. दफन शुक्रवारी. साठ माणसं येणार. हातात जेमतेम पाच दिवस.

टोरगिल्सने काढा उकळला, आणि तो पुरता निवायच्या आत माझ्यात ओतला. ओतत गेला, ओतत गेला. अरे बाबा, थांब की! पण मला तोंड असून वाचा नाही. काठाला दोन बोटं उरली तेव्हा कुठे तो थांबला. खमीर घेतलं तेही तिप्पट, लवकर व्हावं म्हणून. मग तोंड खाली घालून आरोळी ठोकायला गेला. आरोळी अर्ध्यावरच फाटली. बराच वेळ तो माझा काठ धरून तसाच वाकून रडत राहिला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू?

पण नंतर त्याने काय केलं? झाकण ठोकून बसवलं. वर तीन घोंगडी, आणि घोंगड्यांवर चार दगड. ऊब जाऊ नये म्हणून! आणि पाद्र्याला भेटायला निघून गेला.

मित्रांनो, त्या दिवशी माझे जे हाल झाले ते सांगवत नाहीत. दुपारपर्यंत पोटात नुसता आगडोंब. फेसाला वर जागा नाही, हवेला वाट नाही. फळ्या करकरू लागल्या, पट्ट्या रुतू लागल्या. शेवटी झाकण दगडांसकट उडालं, आणि बीअर भिंतीवर, कपाटांवर, दाराखालून थेट अंगणातल्या बर्फात.

टोरगिल्स परत आला. आता तरी हा झाकण बाजूला ठेवेल? नाही! त्याने ते पुन्हा माझ्यावर दाबलं आणि वर चक्क बसला.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून बोटीने त्याची बहीण इंगुन पोचली. हातात बॅग, अंगात काळा कोट.

"टोरगिल्स, तू पिंपावर बसलायस?"

"मग काय करू? सगळं बाहेर येतंय!"

"किती भरलंस?"

"भरलं."

"किती, विचारतेय मी."

त्याने झाकण आणखी दाबून धरलं.

"ऊठ. ऊठ म्हणते ना! बाबांना कधी असं बसलेलं पाहिलंस?"

"बाबांसारखं मला नाही जमत, झालं समाधान?"

इंगुनचा चेहरा उतरला, पण ती भांडत बसली नाही. कोट काढला, बाह्या वर केल्या. घोंगडी फेकली, दार सताड उघडलं. पळीने फेस काढला, दोन दुधाच्या कॅन धुऊन त्यांत थोडी थोडी बीअर काढली आणि मला श्वास घ्यायला जागा केली. ओल्या गोणपाटात बर्फ भरून माझ्याभोवती बांधलं. तासाभरात उसळी बसली.

पण तिसरा हिस्सा बीअर मातीत गेली होती. उरलेलीला उग्र वास. शुक्रवारी माणसांना अर्धा अर्धा पेला मिळाला. शेजारच्या निल्सने पेला उलटा करून पाहिला आणि हळूच विचारलं, "आर्नफिनच्या मयताला बीअर कमी?"

टोरगिल्स म्हणाला, "पिंप गळतं. जुनं झालंय."

साठ माणसांसमोर! आणि इंगुनने मान खाली घातली. बापाच्या मयतात भावाला उघडं पाडायचं नव्हतं तिला. मला मात्र अजून राग आहे, तिचाही.

मला शेडच्या बाहेर, वळचणीखाली ठेवलं. घरात झाकणाला क्लिपा असलेलं स्टीलचं चकचकीत पिंप आलं. मित्रांनो, लाकडी पिंपाला ओल हवी. मी कोरडा पडलो, उन्हाळाभर वाळलो. फळ्या आक्रसल्या, पट्ट्या सैल झाल्या, माझ्यातून आरपार उजेड दिसू लागला. खोटं बोलला तो, आणि ते खरं करून दाखवावं लागलं मला. याच्याइतका संताप मला आयुष्यात कशाचा आला नाही.

नाताळ आला. स्टीलचं पिंप काठोकाठ भरलं, क्लिपा आवळल्या. दुसऱ्या दिवशी असा धडाका झाला की शेडवरचा बर्फ घसरून माझ्यावर पडला. इंगुन सणाला आली होती. तिचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"काय रे, हेही गळतं का?"

टोरगिल्स बाहेर आला. भुवयांवर फेस. तिच्याकडे न बघता माझ्यापाशी येऊन उभा राहिला. ती मागोमाग आली.

"हे मला दे. मी घेऊन जाते."

"काय करशील नेऊन? गळतंय ते."

"आता गळतंय. तेव्हा नव्हतं गळत."

टोरगिल्सने माझ्यावरचा बर्फ हाताने झटकला.

"माहितीय मला," टोरगिल्स म्हणाला. "कळत होतं तेव्हाही."

त्याने मला नेऊ दिलं नाही. तळघरात आणून पट्ट्या ठोकून खाली बसवल्या आणि बादलीने पाणी ओतू लागला. पहिल्या दिवशी ओतलेलं सगळं वाहून गेलं. दुसऱ्या दिवशीही. तो रोज ओतत राहिला. आठव्या दिवशी माझ्या फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या.

ईस्टरला त्याने माझ्यात पुन्हा बीअर घातली. दोन दिवस तो स्टुलावरून हलला नाही, जेवण तिथेच आणवलं. फेस चढला की पळी घेऊन धडपडत उठायचा. बीअर तयार झाली तेव्हा चाखायला निल्सला बोलावलं. निल्स पिऊन म्हणाला, "व्वा! पिंप दुरुस्त करून घेतलंस वाटतं?"

"पिंपाला काही झालं नव्हतं," टोरगिल्स म्हणाला. "मीच चुकीचं भरलं होतं. बाबांच्या मयतालाही."

निल्सने त्याच्याकडे पाहिलं, आणि पेला पुन्हा पुढे केला.

आता तुम्हाला वाटेल माझी गाऱ्हाणी संपली. छे! आता टोरगिल्स इतका धास्तावलाय की मला अर्धाच भरतो. निल्स कुरकुरतो, इंगुन हसते, आणि मी वरचा रिकामा भाग वाळवत उभा. पण एवढं मात्र सांगतो. वापरात नसलो तरी मला ओलं ठेवा. आणि आत काही उसळत असेल तर झाकणावर बसू नका. स्टूल घ्या, शेजारी बसा. किती भरायचं ते ऐकून कळतं, पण त्याला एकोणचाळीस वर्षं लागतात. टोरगिल्सची तर आता कुठे दोन झालीत.