तुळशीरामच्या पोटात उतरलेली दुर्बीण

मित्रांनो, दुर्बीण म्हटले की तुम्हाला चांदण्या आठवतात. मी मात्र माणसाच्या घशातून जठरात उतरणारी दुर्बीण आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझा जन्म जपानमधला. न्हावा शेवाच्या बंदरात उतरून मी पनवेलच्या एका रुग्णालयात आले, ते १९९६ साल होते. साध्या दुर्बिणीला आतला पृष्ठभाग तेवढा दिसतो. माझ्या टोकाशी सोनोग्राफीही आहे. तुम्हाला ऐकू न येणारा ध्वनी मी सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून भिंतीचा एकेक थर पडद्यावर उभा करते. ही विद्या तेव्हा इतकी नवी होती, की आमच्या रुग्णालयातल्या पोटविकारतज्ज्ञ डॉ. अरुंधती ती शिकून येईपर्यंत मी कपाटात टांगून होते.

तुळशीराम हा मिठागरातला कामगार. आम्लपित्ताने त्याची छाती वर्षानुवर्षे जळत होती. त्याच्या अन्ननलिकेच्या तळाशी साध्या दुर्बिणीला एक पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, दिसला होता. तो वरच्या थरातच असेल, तर तारेच्या फासाने काढता आला असता. मूळ खोल गेले असेल, तर छाती उघडून अन्ननलिका कापावी लागणार होती, आणि मग मिठागराचे काम कायमचे सुटले असते. याचा निर्णय माझ्यावर होता.

मी आत उतरले, तर पडद्यावर नुसते पांढरे धुके.

"थर पुसले गेलेत, अरुंधती," शल्यविशारद डॉ. विनायक म्हणाले. "मूळ खोल आहे. सोमवारी टेबलावर घेऊ."

"पुसलेले दिसत नाहीत, सर. काहीच दिसत नाहीये."

डॉ. अरुंधतींनी मला बाहेर काढले आणि तुळशीरामच्या बायकोला, गोदूला, आत बोलावले.

"सकाळी यांना काही दिलंत?"

"नाय बाई. अन्नाचा कन नाय."

"छातीत जळजळलं असेल ना? मग काय केलंत?"

"निगताना खायाचा सोडा दिला, लिंबू पिलून. तो काय खानं हाय? औषद हाय."

तुळशीराम गुंगीतच पुटपुटला, "तिला नाय म्हनायला आमचा मुकादम पन भितो."

डॉ. अरुंधती हसल्या. सोडा-लिंबाने पोटात वायूचे बुडबुडे होतात, ते वर अन्ननलिकेतही चढतात, आणि वायूतून माझा ध्वनी पुढे जात नाही.

गुरुवारी तो कडकडीत उपाशी आला. डॉक्टरांनी आतली हवा शोषून घेतली, माझ्या टोकावरच्या फुग्यात पाणी भरले. या वेळी प्रतिध्वनी स्वच्छ परतला. पॉलिप वरच्या थरातच होता. खालचा स्नायूचा थर अखंड होता. डॉ. विनायकांनी सोमवारची नोंद खोडली.

"ऑपरेशन रद्द. फास तूच टाक," ते म्हणाले.

पॉलिप निघाला, तपासणीत निरुपद्रवी ठरला, आणि तुळशीराम गोळ्या घेऊन मिठागरावर परतला. त्यानंतर डॉ. विनायक प्रत्येक रोग्याला आधी सोड्याबद्दल विचारू लागले.

पुढे माझे नाव झाले, मग नवी यंत्रे आली आणि मी पुन्हा कपाटात गेले. मित्रांनो, यंत्र स्वच्छ ठेवा, हलक्या हाताने हाताळा. पण एवढ्याने भागत नाही. कधी ते आंधळे होते, तेव्हा थांबा, कारण शोधा. यंत्राला जे दिसले नाही, ते रोग्याच्या माथी मारू नका.