बारक्या शब्दांचं दुकान

घरात मी नवऱ्याला अहो म्हणते. इथं मात्र मल्लेशच म्हणणार. एवढा आदर लिहून दाखवायची सध्या माझी तयारी नाही.

माझी एक वेबसाइट आहे. विषय भाकरी. हसा खुशाल, माझ्या माहेरचेही हसले होते. भाकरीवर काय लिहायचं असतं, असं सोलापुरात राहून विचारणारा माणूस आयती खात आलेला असतो, हे मी खात्रीनं सांगते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि थापताना भाकरीचे काठ चिरतात. कडक भाकरी गरम असतानाच डब्यात भरली की दुसऱ्या दिवशी वातड होते. लग्नानंतर पहिलं वर्षभर माझी एकही भाकरी धड गोल झाली नाही आणि सासूबाई अक्कम्मा, म्हणजे मल्लेशची अव्वा, कानडीतून काय म्हणतात ते मला तेव्हा कळत नव्हतं हे माझं नशीब. तेव्हा मी हे सगळं गुगलला विचारलं होतं. त्यानं मला गुळगुळीत हातांच्या बायकांचे व्हिडिओ दाखवले. उत्तर कुणीच दिलं नाही. पुढं मला जमायला लागलं तेव्हा मीच उत्तरं लिहायला बसले.

लोक काय टाकून शोधतात हे दाखवणारी साधनं असतात. 'ज्वारीची भाकरी' असं महिन्याला हजारो लोक टाकतात, पण तिथं मोठमोठ्या साइट आधीच ठाण मांडून बसल्यात. त्या गर्दीत माझं पान इतकं मागं पडलं असतं की मला स्वतःला ते सापडलं नसतं. म्हणून मी बारके शब्द धरले. 'पिठाची विरी गेली तर काय करावं.' 'कडक भाकरी वातड का होते.' साधन त्यापुढं दाखवायचं, महिन्याला शून्य ते दहा.

"दहा माणसांसाठी दुकान टाकतीस होय?" मल्लेश म्हणायचा. तो टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसात आहे, त्याला माल गाडीभर गेल्याशिवाय गेल्यासारखा वाटत नाही. "मोठा शब्द धर की."

मी त्याला जेवताना समजावून सांगायची. हे दहा जण खरंच अडलेले असतात, त्यांच्या हाताला पीठ लागलेलं असतं. त्यांना दुसरं कुणी उत्तर देत नाही, म्हणून तिथं आपण पहिले येतो. असे पुष्कळ शब्द धरले की माणसं जमतात. एवढंच नाही, पुढचंही सांगायची. माणूस पान उघडून लगेच मागं फिरला तर ते पान भिकार ठरतं, दोन-तीन मिनिटं थांबला तर बरं मत होतं. तो मान डोलवायचा, मधेच एखादा प्रश्न विचारायचा. इतकं लक्ष देऊन माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं.

श्रावणात झीनतचा फोन आला. झीनत माझी कॉलेजातली मैत्रीण, पुण्यात एका कंपनीत आहे. त्यांना मराठीत हेच काम करणारं माणूस हवं होतं. लोक काय शोधतात ते ओळखायचं आणि कुठला शब्द धरायचा, कुठला सोडायचा ते ठरवायचं. "सिद्धू, तुझ्यासारखा कान कुणाला नाही. मी साहेबांना तुझी साइट दाखवली. येतेस का?" ती म्हणाली. मला त्या रात्री झोप लागली नाही. कुणीतरी मला माझ्या कामावरून बोलावलं होतं. मल्लेशची बायको किंवा अक्कम्माची सून म्हणून नव्हे.

मल्लेश चिडला नाही. चिडला असता तर मी भांडले असते आणि जिंकलेही असते, कारण भांडणात तो कच्चा आहे. तो शांतपणे म्हणाला, "जा की. पण आपण एक ठरवू. तुझी साइट दिवाळीपर्यंत वाढली, तर इथंच कर. स्वतःचं आहे, अव्वाचे गुडघेही असे झालेत. नाही वाढली तर खुशाल जा, मी मागनं बदलीचं बघतो." इतकं सरळ बोलणं! मीच झीनतला सांगून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली.

आणि साइट वाढली. गणपती बसले तेव्हापासून आलेख असा चढायला लागला की मी सकाळी चहाच्या आधी तो बघायची. विरीचं पान सगळ्यांत पुढं. माणसं येत होती, नीट थांबत होती, वाचत होती. गावं बघितली तर टेंभुर्णी, मोडनिंब, नातेपुते. टेंभुर्णीला माझी नणंद महानंदा दिलेली आहे. तिनं कौतुकानं दोघी-चौघींना सांगितलं असेल, असं धरून तेवढं मी सोडून दिलं. पण मोडनिंबला आमचं कुणी नव्हतं, नातेपुत्याला तर मी कधी गेलेही नव्हते. तिथल्या बायका माझं वाचत होत्या! मी मल्लेशला हाताला धरून स्क्रीनपुढं आणलं.

"बघ, पोचलीस की खेड्यापाड्यात," तो म्हणाला, आणि त्या संध्याकाळी माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आला.

दिवाळी झाल्यावर मी झीनतला नाही म्हणून कळवलं. ती म्हणाली, "आकडे नीट बघितलेस ना? एवढ्या बारक्या शब्दाला एकदम इतकी माणसं कुठून आली?" मला राग आला. मी तिला म्हटलं, पुण्यात बसून तुला आमची गावं काय कळणार. फोन जवळजवळ आपटलाच. त्या जागेवर त्यांनी पुढच्या महिन्यात दुसरी मुलगी घेतली.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी महानंदा आली. ती टेंभुर्णीत बायकांचा बचत गट चालवते. मोडनिंबच्या गटातल्या एक बाई तिच्याबरोबर आल्या होत्या, जत्रा बघायला, एका मुक्कामापुरत्या. सकाळी महानंदा अंघोळीला गेली आणि त्या माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी भाकऱ्या थापत होते. त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "म्हंजी तुमीच व्हय त्या भाकरीच्या बाई?"

मी खूश. हात पुसून म्हटलं, "वाचता का तुम्ही?"

"वाचाय कुटं येळ हाय? पर टाकतो की आमी समद्या. रोज सकाळच्याला. 'पिठाची विरी' टाकायचं, तुमचं पान उघडायचं, आन दोन-तीन मिन्टं तसंच चालू ठिवायचं. मी तर फोन कट्ट्यावर ठिवून झाडून घेती तवर. नातेपुत्याच्या गटाला बी सांगितलंय ताईंनी. लई कटाळा येतो बगा, पर ताईंचं मन मोडवत न्हाय."

तव्यावरची भाकरी करपली. बाईंनीच ती उलथली.

दोन-तीन मिनिटं. हे मोडनिंबच्या बाईला कुठून कळलं? महानंदाला तरी कुठून कळलं? मी हे जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता. मोठ्या शब्दावर या सगळ्या बायका मिळूनही दिसल्या नसत्या, हजारोंत विरघळून गेल्या असत्या. मी बारका शब्द धरला आणि त्या शब्दाचा अख्खा बाजार माझ्या नणंदेनं भरवून दिला. आणि मी, जिच्यासारखा कान कुणाला नाही, ती त्या बाजाराकडं बघून नोकरीला नाही म्हणाले.

पाहुण्या जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. तिळगूळसुद्धा दिला. मग मल्लेशला विचारलं.

त्यानं नाकारलं नाही. खाली बघत म्हणाला, "तू रोज तोंड पाडून बसायचीस. आज तीन माणसं, आज दोन. मला बघवेना. म्हटलं, जरा आनंद होईल तुला. महानंदाला म्हटलं चार जणींना सांग. तिनं एवढ्या गावांना सांगितलं ते मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"आणि पुण्याचं?"

"त्याचा काय संबंध? ते डोक्यातच नव्हतं माझ्या. अव्वाची शपथ."

खरं सांगते, मी विरघळले. तोंड पाडून मी बसायची हे खरं होतं. तो हळवा आहे हेही खरं. मूर्खपणा केला, पण माझ्यासाठी केला, असं मी मनाला सांगायला लागले. झीनतला फोन करून माफी मागायची, दुसरीकडं कुठं जागा असेल तर बघ म्हणायचं, एवढ्यावर मी आले होते. फक्त म्हटलं, "मग आता महानंदाला फोन करा. माझ्यासमोर. उद्यापासून बंद करा म्हणावं."

तो म्हणाला, नंतर करतो. मी म्हटलं, आत्ता. त्यानं फोन लावला आणि मी तो त्याच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकून मधे ठेवला.

"महानंदा, ते भाकरीचं आता बंद करा," तो घाईघाईनं म्हणाला. "सगळ्यांना सांग. नको आता."

"सुटलो गं बाई!" महानंदा हसली. "म्हणजे अण्णा, पुण्याची जागा भरली का? आता काय वैनी जात नाही ना?"

मल्लेशनं फोनकडं हात नेला. मी त्याचा हात धरला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"भरली, महानंदा," मी म्हटलं. "मागेच भरली. आता कुणी कुठं जात नाही."

पलीकडं टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "वैनी, जेवलीस का?"

"जेवले," मी म्हटलं. "तू?"

एवढं सगळं कळल्यावरही माझ्या तोंडून 'तू?' निघालं. मल्लेशपेक्षाही जास्त राग मला त्या 'तू?'चा आला.