सोयऱ्याची डिझेल गाडी

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस आधी बोनट उघडतो. आमच्या घरची माणसं आधी नातं काढतात. मला याचा इतका संताप आहे की कोणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं शांत व्हायचं नाही.

मी वर्षाली. मोर्शीला आमची झेंडूची आणि भाजीची शेती आहे, आणि अकरा वर्षांपासून अमरावतीच्या बाजारात मालाचा पिकअप मीच नेते. डिझेल इंजिन बिघडायच्या आधी कसं कुरकुरतं, ते मला झोपेतही ओळखू येतं. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी घ्यायची वेळ आली की मी एकदम सून होते.

गाडी हवी होती ती मामाजींसाठी, म्हणजे माझे सासरे वामनराव यांच्यासाठी. दिवाळीत ते पडले आणि खुबा मोडला. दर पंधरा दिवसांनी नागपूरला दाखवायला न्यावं लागतं. उंच गाडीत त्यांना चढता येत नाही, लहान गाडीत पाय लांब होत नाही. म्हणून डिक्कीवाली, लांबरुंद, बुटकी गाडी हवी आणि ती जुनीच परवडणार. डिसेंबरात भाड्याची गाडी काटोलच्या पुढे बंद पडली. दोन तास मामाजी आत अडकून होते. उतरता येईना, शेवटी धोतर ओलं झालं. त्यानंतर दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तेव्हा माझी अट एकच होती, गाडी वाटेत थांबायला नको.

माझा नवरा योगेश डिझेलवर अडून बसला. मी त्याला समजावलं की महिन्यातून दोन खेपा म्हणजे वर्षाला सहा हजार किलोमीटर, डिझेलमध्ये वाचून वाचून वीस हजार वाचतील. आणि जुन्या मोठ्या डिझेल गाडीचे इंधन फवारणारे इंजेक्टर गेले की पाच वर्षांची बचत एका दिवसात मेकॅनिकच्या खिशात. टर्बो गेला तर विचारूच नका. परतवाड्याला एक पेट्रोल गाडी होती, ती पाहू म्हटलं. पण आपली डिझेल गाडी विकायला काढलेल्या अकोल्याच्या मोतीरामजींनी मोबाइलवर फोटो पाठवले होते. पांढरीशुभ्र गाडी, आत लाकडासारखी पट्टी. योगेश विरघळला.

अकोल्याला आम्ही भाड्याच्या गाडीनं गेलो. अंगणात पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत नातं निघालं. मोतीरामजींच्या बायकोची, जयवंताबाईंची मावसबहीण ही आमच्या आशाआत्याची, म्हणजे मामाजींच्या धाकट्या बहिणीची जाऊ. झालं! पोहे आले, चहा आला, जेवणाचं ताट वाढलं गेलं. मामाजी मोतीरामजींना इवाई, म्हणजे व्याही, म्हणू लागले. योगेशनं तर कहरच केला. आता परत आपल्याच गाडीनं जायचं म्हणून त्यानं भाड्याची गाडी परस्पर पाठवून दिली.

मी हात धुवायच्या निमित्तानं अंगणात गेले आणि बोनटवर हात ठेवला. चांगलं गरम होतं. गाडी चार दिवसांपासून जागची हलली नाही, असं मोतीरामजी नुकतंच जेवता जेवता सांगत होते. कोणी यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, कारण तापलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं. मी योगेशला बाजूला घेऊन सांगितलं. तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मीच चोरी केली.

"सोयऱ्याच्या घरी बोनट उघडून पाहाचं का आता? कसं दिसते ते?"

कसं दिसतं! बाप पुन्हा रस्त्यात अडकला तर कसं दिसेल, ते याला दिसत नव्हतं. लाख रुपयांनी फसलं तरी चालेल, पण सोयऱ्याला शंका आली असं वाटता कामा नये. मांडवातल्या वरबापासारखे दोघं बापलेक लोडाला टेकून बसले होते आणि मी आतून धुमसत होते.

तेवढ्यात मोतीरामजी रिवाजाप्रमाणे म्हणाले, आज मुक्कामच करा. असं म्हणायचं असतं आणि समोरच्यानं नाही म्हणायचं असतं. मी लगेच हो म्हटलं. मामाजींना आराम होईल, व्यवहार सकाळी करू. मोतीरामजींचा चेहरा पडला. पण सोयऱ्याला जा म्हणता येत नाही, हे त्यांनाही लागू होतं.

सकाळी साडेपाचला मी शाल गुंडाळून अंगणातल्या ओट्यावर बसले. जानेवारीची थंडी होती. पंधरा मिनिटांनी मोतीरामजी चावी घेऊन दबकत बाहेर आले. मला पाहून थबकले. झोप झाली नाही का, विचारलं. मी म्हटलं, झाली, आता गाडी चालू करा.

गाडी चालू होईना. सातव्यांदा चावी फिरवली तेव्हा ती खोकत उठली. पांढऱ्या धुरानं अंगण भरलं, आणि आतून असा खडखड आवाज येऊ लागला की शेजारचे गच्चीवर आले. योगेश बाहेर धावला, मागून मामाजी काठी टेकत आले.

मोतीरामजी हसून म्हणाले की थंडीत असं होतच असतं, एकदा गरम झाली की लोण्यासारखी चालते. आणि सोयरे म्हणून वीस हजार कमी करतो. योगेशनं आशेनं मामाजींकडे पाहिलं. मी मामाजींच्या कानाशी गेले. इंजेक्टर गेलेत, हे स्पष्ट सांगितलं.

"तुयं खरं हाय, पोरी," ते म्हणाले. "पन आता नाही म्हनाव कसं? त्यायच्या घरी जेवलो आपन."

माझा तोल सुटला. ज्याच्यासाठी गाडी, तोच माणूस दोन पोळ्यांच्या भिडेपायी पुन्हा रस्त्यात बसायला तयार!

"तुमच्याच्यानं होत नसन त मी सांगते," म्हटलं, आणि मोतीरामजींकडे वळले. "गाडी आमाले नाही पाह्यजे. हिचे इंजेक्टर गेले हायेत, अन् तुमाले ते माहीत होतं."

ते माझ्याशी बोललेच नाहीत. मामाजींना म्हणाले, "इवाई, तुमच्या घरी सुना बोलतेत का सोयऱ्यापुढं?"

मामाजींनी मान खाली घातली. आम्ही ऑटोनं स्टेशनवर गेलो. रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या चढताना मामाजींना दोन हमालांनी उचललं, आणि बडनेऱ्यापर्यंत योगेश माझ्याकडे पाठ करून बसला.

मग आठवडाभर नातेवाइकांचे फोन. सोयरीक तोडली, जेवल्या ताटात घाण केली, असं एकेक ऐकून घेतलं. गाडी कशी होती, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी आशाआत्यांचा फोन आला. तुझ्या सासऱ्यानं कमावलेली इज्जत तू अकोल्यात सांडून आलीस, जावेपुढं माझं नाक कापलं, असं त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की पलंगावर पडलेल्या मामाजींना सगळं ऐकू गेलं. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"आशा," ते म्हणाले, "त्या गाडीत बसाचं मले होतं. तुया नाकाले नाही."

फोन परत देऊन त्यांनी विचारलं, परतवाड्याची ती पेट्रोल गाडी पाहायला कधी जायचं, आणि सकाळी लवकर निघता येईल का.