सत्तेचाळिसावं पान

सत्तेचाळिसावं पान वाचताना कपडेपटात शिवण करणाऱ्या हासिंताच्या हातातली कात्री थांबली. पटकथेतली पन्नाशीची घटस्फोटित बाई संत अंतोनिओच्या देवळात जाते, पाण्याच्या कुंडात तेरा टाचण्या टाकते आणि त्यांच्यावर तळहात दाबते. हाताला जितक्या टाचण्या चिकटतील तितके प्रियकर वर्षभरात मिळणार. हिच्या हाताला तेराच्या तेरा चिकटतात आणि ती केकाटत बाहेर पळते. खाली लिहिलेलं, प्रेक्षक हसतात.

तेरा जूनला, संताच्या सणाला, हासिंता स्वतः त्या देवळाच्या रांगेत उभी होती. वय चोपन्न. लग्नाआधी माद्रिदच्या इतर शिवणकामवाल्या पोरींबरोबर दरवर्षी जायची, यंदा घटस्फोटानंतर, सव्वीस वर्षांनी गेली. पुढच्या पोरीनं तिला विचारलं होतं, "काकू, तुम्ही कुणासाठी?" हे तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं. आमादोरला. याच सिनेमाचा लाइटवाला, विधुर, तीन महिने रोज सकाळी तिच्याबरोबर कॉफी पिणारा. पोरीचं ते वाक्यही पानावर जसंच्या तसं होतं.

कपडेपटातून उठून ती थेट दिग्दर्शकाकडे, लेआंद्रोकडे गेली. हे पान काढ म्हणाली. लेआंद्रो म्हणाला, उतारवयातल्या प्रेमाचा विनोदी सिनेमा आहे, लोक हसायलाच येणार.

"म्हणजे मला कुणी हवंसं वाटलं तर विनोद," हासिंता म्हणाली, "आणि तू साठीला टेकून लेकीच्या वयाची पोरगी घेऊन हिंडतोस, ते काय?"

त्यानं तिला घागऱ्याच्या दुमडी घालायला पाठवलं.

चित्रीकरणाच्या दिवशी नायिकेनं खऱ्या टाचण्यांना हात लावायला साफ नकार दिला. लेआंद्रोला तर टोचलेला तळहात अगदी जवळून हवा होता. तो म्हणाला, हासिंताचा घ्या, तिच्या कातडीला सवय आहे. सगळे हसले. तिनं वर दिव्यांच्या शिडीकडे पाहिलं. आमादोरही हसत होता.

मग ती कुंडापाशी बसली आणि हात दाबला. उचलला तेव्हा चार टाचण्या रुतलेल्या होत्या.

"ओरड!" लेआंद्रो म्हणाला.

ती ओरडली नाही. हात तसाच वर धरून शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"खाली ये. काढ. सांगायला जीभ चालली, आता हात चालव."

आमादोर उतरला. एकेक टाचणी काढू लागला. रक्त तिच्या बाहीवर ओघळलं. आता कुणी हसत नव्हतं. कॅमेरा चालूच होता. लेआंद्रो हलक्या आवाजात म्हणाला, अख्ख्या सिनेमात याच्याइतकं चांगलं काही नाही, हेच ठेवू.

तेवढ्यात कुणीतरी तिच्यापुढे संमतीपत्र धरलं. ज्याचं अंग पडद्यावर दिसणार त्याची सही नसेल तर ते दाखवता येत नाही. हासिंतानं कागद शेवटपर्यंत वाचला, सही न करता त्याला तळहात पुसला, त्यातच चारही टाचण्या टोचल्या आणि तो लेआंद्रोच्या हातात दिला. तो म्हणाला, श्रेयनामावलीत नाव देतो. ती म्हणाली, नाव नको, तुझ्या नायिकेला टोच.

नायिका म्हणाली, हे पाहिल्यावर मी केकाटत पळणार नाही. सत्तेचाळिसावं पान तिथंच मेलं.

दारात आमादोर आडवा आला. चुकलं माझं, म्हणाला. उद्या सकाळी कॉफीला येशील का, असंही विचारलं.

"कॉफीला लेआंद्रोला बोलाव," हासिंता टाचण्यांची उशी मनगटावर बांधत म्हणाली. "त्याला आता एक पान कमी पडतंय."