आत्या, बॅटरी आणि पाहुणे

शेवटी आत्या जिंकली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. आत्या अजून हरतेच आहे आणि बाबा तिच्या उशा आमच्या गाडीच्या डिकीत कोंबताहेत.

आत्या निवृत्त बसड्रायव्हर. घर विकून कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या एका खोलीत, तळ्याकाठी राहते. झोपेत तिचा श्वास अडतो, म्हणून रात्रभर नाकाला मशीन लागतं आणि मशीनला व्हॅनची बॅटरी. ती भरायला जनरेटर आहे, पण कॅम्पच्या मॅनेजरने तो चालवायला सकाळचा एकच तास दिलाय. एरवी बदकांना त्रास होतो म्हणे.

आम्ही पाहुणे आल्यापासून मशीन मध्यरात्रीच मान टाकायचं.

"ताई, आजही बॅटरी भरली नाही तर मुकाट घरी चल," बाबा म्हणाले. "हट्टाला काही वय असतं."

"असतं ना. माझंच."

सकाळचा तो तास सुरू झाला. आमच्या घराण्यात चालू जनरेटर कुणाला नुसता बघवत नाही. आईने किटली लावली, बाबांनी इस्त्री, मी ड्रायरने मोजे वाळवायला घेतले. बॅटरीच्या वाट्याला जनरेटरच्या कोपऱ्यातून निघालेली एक बारीक वायर. तिथे 'बॅटरी' असं छापलंय म्हणून बाबांनी आल्या आल्या हौसेने जोडलेली.

"पाहुणे म्हणून गप्प होते," आत्या म्हणाली. "चमच्याने टाकी भरताय, वर घोट घोट पिताय!"

तिने किटली, इस्त्री, मोजे, आई, बाबा आणि मी, या क्रमाने सगळ्यांना बाहेर काढलं. वीज आणि गॅस दोन्हींवर चालणारा फ्रिज गॅसवर टाकला. बारीक वायर उपटून व्हॅनचीच जाड केबल जनरेटरच्या मोठ्या सॉकेटात खुपसली. व्हॅनमधला मोठा चार्जर खडबडून कामाला लागला. जनरेटर गुरगुरला. एक बदक राजीनामा दिल्यासारखं निघून गेलं.

बॅटरीचा मीटर भराभर चढला, मग रेंगाळला. आत्याने जनरेटर बंद केला.

"अगं, पूर्ण कुठे भरलीय!" बाबा ओरडले.

"शेवटचा घोट ती चाटत बसते. त्यासाठी पेट्रोल जाळायचं नाही. रात्रीपुरतं झालंय."

मशीन कधी बंद पडतं ते ऐकायला बाबा रात्री दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. सकाळी आत्यानेच त्यांना हलवून उठवलं. तिला सलग झोप मिळाली होती, त्यांना डास.

चहा होण्याआधी तिने मला मॅनेजरच्या नावे अर्ज सांगितला: "मेहेरबान साहेब, धाकट्या भावांनी मोठ्या बहिणींची काळजी करण्यावर तात्काळ व कायमस्वरूपी बंदी घालण्यात यावी, व सदर बंदी आमच्या बंधूंना झोपेतही लागू राहावी, ही नम्र विनंती."