सातव्या विषयावरची सही

कल्पना करा, तुम्ही एका लांब बाकावर बसला आहात. बाक इतका उंच, की पाय फरशीला टेकत नाहीत. समोर विद्यापीठातल्या एका खोलीचं बंद दार. आत बारा मोठी माणसं, आणि त्यांना तुमच्याविषयी काहीतरी ठरवायचं आहे. काय, ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. कसं वाटेल? पाचवीतल्या जागृतीला तसंच वाटत होतं.

तिचे बाबा कवडू तर बाकावर टेकतच नव्हते. दारापासून जिन्यापर्यंत जायचे, पुन्हा दारापाशी यायचे.

"बाबा, बसा ना. तुमच्याकडं पाहून माह्यं डोकं गरगरून राह्यलं."

"तू बस. मले बसवत नाई."

"अजून किती वेळ लागन?"

"सहावा विषय चालू हाय म्हणे. आपला सातवा."

कवडू या विद्यापीठाच्या कार्यशाळेत फिटर होते. एकोणीस वर्षं, आणि तीही रोजंदारीवर. त्यांची बायको भागीरथा कापूस वेचायला जायची. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. संध्याकाळी तिला भाकर थापताना पीठसुद्धा झोंबायचं. ते बघून कवडूंनी सायकलच्या ट्यूबची, पुढे पोलादाचे बोथट दात असलेली, तीन बोटटोपणं केली. यामिनी मॅडम विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी दोन वर्षं ती शेताशेतांत तपासली, दातांमधलं अंतर बदलून बदलून पाहिलं. बोट टोचायचं थांबलं, कापसात पानाचा कचराही कमी येऊ लागला. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये असा कापूस चांगल्या भावानं जातो. नागपूरच्या एका कंपनीनं टोपणं बनवण्याचा हक्क विकत मागितला.

आता जरा सावकाश ऐका. विद्यापीठ म्हणजे एक मोठं घर आहे असं समजा. त्या घरात पैसा कुठून यावा, कशावर खर्च व्हावा, हे ठरवणाऱ्या मंडळाला व्यवस्थापन परिषद म्हणतात. तिथल्या माणसांनी काही नवं शोधलं, तर ते कुणाच्या नावावर राहील आणि त्याच्या कमाईतलं कुणाला किती, हेही तीच ठरवते. परिषदेनं कंपनीचे पैसे हातात येण्याआधीच अंदाजपत्रकात धरले होते. मुलींच्या वसतिगृहाची पाण्याची टाकी त्यातूनच व्हायची होती. टोपणांचा हा व्यवहार म्हणजेच आजचा सातवा विषय.

पण पेटंटचा, म्हणजे शोधावरच्या मालकीहक्काचा, एक नियम आहे. अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघांत दाखवायची नाही, नाहीतर पेटंट मिळत नाही, आणि पेटंट नसेल तर कंपनी पैसे देत नाही. आणि जागृतीनं ती दाखवली होती. केळझरच्या विज्ञान प्रदर्शनात तिला दुसरं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. अर्ज गेला त्यानंतर चोवीस दिवसांनी.

दार उघडलं. कुलसचिव अच्युत सर बाहेर आले, एक कागद पुढे करत.

"कवडू, वाचून घे आणि सही कर. प्रदर्शनातली वस्तू म्हणजे मुलीचं खेळणं होतं, आपल्या संशोधनाशी तिचा संबंध नाही. एवढंच लिहिलंय."

"पण सर, ते खेळणं नव्हतं."

"अरे, तुला काय कोर्टात उभं करतोय का कुणी? कागदाला कागद लागतो. आणि आजचा अकरावा विषय ठाऊक आहे ना? तुझ्या कायम नोकरीचा आहे. मी स्वतः नाव घातलंय."

मागून यामिनी मॅडम आल्या.

"सर, अर्जाची फाइल पाच महिने तुमच्या टेबलावर होती. फीला मंजुरी नाही म्हणून. तीन बैठका माणसं आली नाहीत म्हणून रद्द झाल्या. ते कुठल्या कागदावर लिहायचं?"

"मॅडम, नुकसान तुमचंही आहे."

"माझं आहेच. बारा वर्षांत हे एकच काम असं झालंय." त्या कवडूंकडे वळल्या. "भाऊ, मी तुम्हाला सही करा म्हणणार नाही. नका करू, असं म्हणायचाही मला हक्क नाही."

अच्युत सर आत गेले. कवडू कागद घेऊन पुन्हा जिन्यापर्यंत गेले. खिशातला पेन काढला, टोपण उघडलं, लावलं. भिंतीवर कागद टेकवला, काढला. जागृती बाकावरून उतरून त्यांच्यामागे आली.

"बाबा, मी चुकली का? मॅडम रडल्यासारख्या काऊन दिसून राह्यल्या?"

"तुह्यी चूक नाई. तू म्हणाली नेऊ का, मी म्हणलं ने. मले नियम ठाऊक नव्हता."

"मंग त्यात काय लिहिलं?"

कवडूंनी पेन परत खिशात खोचला. तेवढ्यात शिपायानं हाक मारली.

आत गार हवा होती. टेबलावर प्रात्यक्षिकासाठी तीन टोपणं आणि काही बोंडं मांडून ठेवली होती. अध्यक्ष वयस्कर होते.

"सही झाली?"

"नाई सायेब."

"का?"

"सायेब, पोरीले मीच शिकवलं, इचारलं तर खरं सांगजो. आता तिच्यादेखत मी खेळणं म्हणू, तर उद्या तिले काय सांगू? दात मी घासले, माप मॅडमनं काढलं, तिनं तेच नेलतं." त्यांनी हात पाठीमागे धरले. "टाकीचं समजते मले. पण सही होणार नाई."

कुणीतरी खुर्ची सरकवली. अच्युत सर फाइलीत बघत राहिले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सातवा विषय रद्द. खरी हकीकत पेटंट कार्यालयाला कळवा." पान उलटून ते म्हणाले, "अकरावा पुढच्या बैठकीला."

पुढची बैठक कधी, ते कुणी सांगितलं नाही. कवडूंनी सही न केलेला कागद टेबलावर ठेवला आणि मान लववली.

अध्यक्षांची नजर जागृतीवर गेली.

"बाळ, तू तिथं नेमकं काय दाखवलंस गं?"

जागृतीनं बाबांकडे पाहिलं. मग ती टेबलापाशी गेली, टोपणं बोटांत चढवली, एक बोंड उचललं आणि एका झटक्यात त्यातला कापूस ओढून अध्यक्षांसमोर ठेवला. पांढराशुभ्र, पानाचा एक तुकडा नाही.

"असं. मंग बाया म्हणे आम्हाले पायजे. त्यायचे बोटं माह्याहून जाडे होते."

"मग?"

तिनं टोपणं काढून ठेवली. बाबांनी ठेवलेला तो कागद पालथा केला, त्यांच्या खिशातला पेन घेतला आणि अध्यक्षांचा हात धरून कागदावर टेकवला.

"मंग त्यायचं असं माप घेतलं मी. हालू नका," ती म्हणाली, आणि त्यांच्या अंगठ्याभोवती सावकाश रेघ ओढू लागली.