कोपऱ्यातला पिवळा चिमटा

माझा धंदा ओळखपत्रांच्या फोटोंचा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की मी त्याची हनुवटी उचलतो, कानावरचे केस मागे सारतो आणि शर्ट ढगळ असेल तर पाठीमागे कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो. समोरून शर्ट अगदी मापाचा दिसतो. एकदा एक मास्तर पाठीला चिमटा लावूनच घरी गेले. माझ्या विसराळूपणाचा तो किस्सा आत्या येईल त्याला सांगते आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी स्वतःच हसते.

आत्या खालच्या मजल्यावर राहते. तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, चाला, नाहीतर कायमच्या खाटेवर. ही ढिम्म हलेना. मग खिडकीबाहेरच्या कुंडीतल्या लिंबाच्या झाडात चष्मेवाल्यांच्या जोडीने घरटं बांधलं. अंगठ्याएवढा हिरवट पिवळा पक्षी, डोळ्याभोवती पांढरं कडं, आणि गळा असा की आत्या सकाळचा रेडिओ लावेनाशी झाली. "माझ्यासारखाच चष्मेवाला आहे बघ," ती म्हणायची. तीन पिल्लं झाली. त्यांना बघायला ती वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत जायची. सात पावलं. दिवसातून पाच-सहा वेळा.

"त्यांचा एक फोटो काढून दे मला. उडून जातील मेले," ती म्हणाली.

रविवारी दुपारी तिचा डोळा लागला असताना मी कॅमेरा घेऊन बाहेर गेलो. घरटं झाकणारी एक फांदी नेमकी आडवी येत होती. आयुष्यभराची सवय, खिशातून पिवळा चिमटा काढला आणि फांदी बाजूला ओढून कपड्यांच्या दोरीला अडकवली. थोड्या वेळाने पिल्लांची आई अळी घेऊन आली. तीन चोची एकदम उघडल्या. असा फोटो जन्मात एखादाच मिळतो. मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळालो.

वर कॉम्प्युटरवर तास-दीड तास कसा गेला कळलं नाही. पक्षी बरोब्बर मधोमध आला होता, म्हणजे पुन्हा ओळखपत्रच. मी चौकट सरकवून त्याला उजवीकडे घेतलं, त्याच्या नजरेपुढे जागा मोकळी सोडली. खालची कुंडी कापली. वर डाव्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी डोळ्यांत खुपत होतं. चिमटा. "काय घाण आहे," असं मी मोठ्यांदा म्हणालो आणि तेवढा भाग छाटून टाकला. तो चिमटा अजून खाली तसाच आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

चार वाजता आत्याची किंकाळी ऐकू आली. मी खाली पोचेपर्यंत कावळा उडाला होता. घरटं एका बाजूने लोंबत होतं, रिकामं. मी आधी काय केलं असेल? चिमटा काढून खिशात टाकला. फांदी जागेवर गेली. मग आत्याकडे पाहिलं.

"माझ्यामुळे झालं रे," ती रडत होती. "सारखी खिडकीशी ठाण मांडून बसायचे. त्यांची आई बिथरली असणार माझ्यामुळे."

"कावळा तो, आत्या. त्याला काय," एवढंच मी बोललो.

दुसऱ्या दिवसापासून ती खाटेवरून उतरेना. खिडकीचा पडदाही तिने ओढून घ्यायला लावला. आठ दिवस मी वॉकर तिच्यापुढे धरायचो आणि ती तोंड भिंतीकडे फिरवायची. लाज वाटत होती मला, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

शेवटी सुधारलेला फोटो मोठा छापून तिला दिला. वाटलं, बघून उठेल. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"किती जवळून कापलास. माझं झाड कुठाय यात? कुंडी कुठाय? पूर्ण दे मला."

पूर्ण फोटो देणं काही अवघड नव्हतं. 'मूळ फोटो उडाला' म्हणालो असतो तरी तिने विश्वास ठेवला असता. मी वर गेलो, प्रिंटरसमोर पंधरा मिनिटं बसलो आणि मग छापला. आख्खा. हातात दिला आणि शिक्षा झाल्यासारखा उभा राहिलो.

तिने कुंडीवर बोट फिरवलं, मग पिल्लांवर. बोट वर कोपऱ्यात जाऊन थांबलं. ताणलेली दोरी, ओढलेली फांदी, पिवळा चिमटा.

"हा काढला होतास ना नंतर?"

"नाही. विसरलो. कावळ्याच्या नंतर काढला."

मास्तरांचा किस्सा तिला आठवला असणारच. ती हसली नाही.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही, आत्या. माझ्यामुळे."

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस रडू दिलंस मला."

 तिने फोटो उशीखाली सारला.

"वॉकर सरकव इकडे."

मी सरकवला. हात द्यायला पुढे झालो तर तिने तो झटकला. ती उठली, एकेक करत सात पावलं चालली आणि पडदा बाजूला केला. मी तिथे होतो तोवर ती माझ्याकडे पाठ करूनच उभी राहिली.